खोडलेल्या पाच ओळी

मी सत्तावीस वर्षं इंजिनियरिंगच्या मुलांना गणित शिकवलं, आणि त्यातली बरीचशी वर्षं नापासांना. आमच्याकडे नापास म्हणत नाहीत, केटी म्हणतात. एखाद्या विषयात गटांगळी खाल्ली तरी तो विषय पाठीवर घेऊन मूल वरच्या वर्गात जातं आणि पुन्हा पुन्हा परीक्षा देत राहतं. तिसऱ्या सत्राच्या गणिताची, म्हणजे एम-थ्रीची केटी शेवटच्या वर्षापर्यंत इमानाने सांभाळणारी मुलं मी पाहिली आहेत. एक जण तर लग्न ठरल्याचं सांगायला आला आणि जाता जाता हळूच म्हणाला, "मॅडम, एम-थ्रीचा पेपर कधी आहे तेवढं सांगा ना, म्हणजे मुहूर्त त्याच्यानंतरचा काढतो."

अंधेरीतल्या आमच्या कॉलेजात केटीच्या मुलांसाठी दुपारी जादा तास असत. वर्ग चौथ्या मजल्यावर, पश्चिमेच्या खिडक्यांचा. ऊन थेट फळ्यावर यायचं आणि मुलं अर्धी झोपलेली. ते तास कुठल्याच शिक्षकाला नको असत. मला मात्र ते आवडायचे, हे मी स्टाफरूममध्ये कधी कबूल केलं नाही. हुशार मुलं आपली आपण पास होतात. त्यात आपला वाटा किती, हे कधी कळत नाही. पण तीनदा आपटलेला मुलगा चौथ्यांदा पास होऊन पेढे घेऊन येतो तेव्हा हिशेब स्वच्छ असतो. त्या पेढ्यांची मला चटक लागली होती असंच म्हणा ना.

आता थोडं गणित. ज्यांना त्याचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो त्यांनीही एवढे दोन परिच्छेद वाचावेत, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांवर उभी आहे.

आपण शाळेत शिकतो ती फंक्शनं एका रेघेवर राहतात. एखाद्या बिंदूपाशी तुम्ही डावीकडून येणार किंवा उजवीकडून. दोन्हीकडून चढ सारखाच लागला की फंक्शन तिथे डिफरन्शिएबल. कॉम्प्लेक्स फंक्शन मात्र मैदानात राहतं. तिथे बिंदूपाशी यायला वाटा अगणित: आडवी, उभी, तिरकी, गोल गोल फिरत येणारी. कुठल्याही वाटेने आलात तरी उत्तर एकच यायला हवं, तर ते डिफरन्शिएबल. आणि त्या बिंदूच्या आजूबाजूलाही सगळीकडे तसंच असेल तर ॲनालिटिक. एवढीच काय ती व्याख्या.

अगणित वाटा कोण चालत बसणार? म्हणून सी-आर नावाची दोन समीकरणं असतात. आडव्या वाटेचं आणि उभ्या वाटेचं उत्तर जुळतं का, एवढंच ती बघतात. नाही जुळलं, तर प्रश्न मिटला, फंक्शन डिफरन्शिएबल नाही. जुळलं, तर मात्र आणखी एक अट तपासायची असते: आडव्या-उभ्या वाटांवरचे ते चढ आजूबाजूच्या परिसरातही कुठे उडी न मारता सलग बदलतात का. तसं असेल तर तिरक्या वाटांची काळजी नको. नसेल तर मूळ व्याख्येकडे परत जायचं आणि त्या वाटा चालून बघायच्या.

ही शेवटची अट मी केटीच्या वर्गात गाळत असे.

आळसाने नाही, हिशेबाने. पेपरात येणारी फंक्शनं सगळी सरळमार्गी असत. त्यांच्या बाबतीत ती अट आपोआप पाळलेली असे, तिचा उल्लेख न करताही उत्तर बरोबरच येई. तीनदा आपटलेल्या मुलाच्या डोक्यावर आणखी एक अट ठेवायची म्हणजे त्याला चौथ्यांदा आपटायचं. म्हणून मी दोन ओळींचा मंत्र केला होता. सी-आर जुळलं, लिहा ॲनालिटिक. नाही जुळलं, लिहा नाही. आणि निष्कर्षाभोवती दुहेरी चौकट काढा, म्हणजे पेंगुळलेल्या तपासनिसालाही दिसेल. मुलं मला 'दोन ओळीवाल्या मॅडम' म्हणत. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

सायली परब या जादा तासांना आली ती शेवटच्या वर्षाला असताना. वाकोल्याला राहणारी, बाकी सगळ्या विषयांत चांगली, फक्त एम-थ्री अडकलेलं. पहिल्यांदा परीक्षेच्या दिवसांत कावीळ झाली, दुसऱ्यांदा घाबरून अर्धा पेपर कोरा ठेवला. कॉलेजात आलेल्या एका कंपनीने तिची निवड केली होती, पण पत्रात अट होती की रुजू होण्याच्या तारखेला एकही केटी शिल्लक नको. त्याआधी परीक्षा एकच होती. तिचे वडील लिफ्टच्या देखभालीचं काम करायचे, इमारती-इमारतींतून फिरून. घरात इंजिनियर होणारी ती पहिलीच. हे सगळं तिने मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी त्याचा उच्चार केला नाही. पण प्रत्येक तासाला ती पहिल्या बाकावर असायची आणि तिच्याकडे बघितलं की मलाच धडधडायचं.

एके दिवशी मी मंत्र सांगून फळा पुसायला घेतला तर तिचा हात वर.

"मॅडम, सी-आर आडव्या आणि उभ्या वाटेचंच बघतं ना? मग तिरकं आलं आणि वेगळंच निघालं तर?"

प्रश्न बरोबर होता. इतक्या वर्षांत तो फार थोड्यांनी विचारला होता. पण घड्याळात दहा मिनिटं उरली होती, पुढचं प्रकरण बाकी होतं आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली होती.

"तुला केटी सोडवायचीय की पीएचडी करायचीय?" मी म्हणाले.

वर्ग खदखदून हसला. सायलीही हसली आणि तिने वहीत दुहेरी चौकट काढली. मला वाटलं, चला, प्रश्न निकालात निघाला.

परीक्षेच्या दिवशी पेपर सुरू झाला की त्याची एक प्रत विषयाच्या शिक्षकाकडे येते. छपाईत चूक नाही ना हे बघून सही करायची असते. दोन मिनिटांचं काम. मी चहाचा कप हातात धरूनच वाचत होते. तिसऱ्या प्रश्नाच्या दुसऱ्या उपप्रश्नापाशी आले आणि कप खाली ठेवला.

x आणि y यांचा गुणाकार, त्याचं ऋण चिन्ह असेल तर ते काढून टाकायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. हे फंक्शन शून्य बिंदूपाशी डिफरन्शिएबल आहे का, ॲनालिटिक आहे का, ते तपासा. पाच मार्क.

हे फंक्शन म्हणजे माझ्या मंत्रासाठी मुद्दाम लावलेला सापळाच. आडव्या वाटेने या, किंमत सगळीकडे शून्य. उभ्या वाटेने या, तिथेही शून्य. सी-आर जुळतं, अगदी डोळे झाकून जुळतं. पण पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या वाटेने आलात तर उत्तर वेगळंच येतं. फंक्शन तिथे डिफरन्शिएबल नाही, मग ॲनालिटिक कुठलं! जुन्या पुस्तकांत हे उदाहरण असतं. मला ते तोंडपाठ होतं. मी ते केटीच्या वर्गात एकदाही घेतलं नव्हतं.

माझी पाचावर धारण बसली. क्षणभर मनात आलं, प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे असं कळवून टाकावं. पण तो बाहेरचा नव्हता. अभ्यासक्रमात 'आवश्यक आणि पुरेशी अट' असे शब्द छापलेलेच होते. 'पुरेशी' मी खाल्ली होती. मी 'चूक नाही' असं लिहून सही केली. मग तीन तास त्या मजल्यावर येरझाऱ्या घातल्या. वर्गाच्या दारापाशी जायचे आणि परत फिरायचे. पर्यवेक्षकाने विचारलंसुद्धा, "मॅडम, बरं वाटत नाही का?"

पेपर सुटला तशी पोरं धावतच आली. "मॅडम, झकास! तुमचाच प्रश्न आला! दोन ओळी, पाच मार्क!" कुणी टाळी मागायला हात पुढे केला. मी हात दिला. काय करणार होते?

सायली सगळ्यांच्या मागे उभी होती. गर्दी पांगल्यावर जवळ आली. "मॅडम, ते ॲनालिटिक होतं ना?"

मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. "आता झाला ना पेपर? रिझल्ट येऊ दे," म्हणाले, आणि जिन्याकडे चालायला लागले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या उत्तराची.

पेपर तपासायला हल्ली गठ्ठे नसतात. उत्तरपत्रिका स्कॅन होतात, नाव-नंबर झाकला जातो आणि एका केंद्रात आम्ही शिक्षक ओळीने संगणकासमोर बसतो. तपासनिसाला एकच प्रश्न दिला जातो. तोच प्रश्न, शेकडो हस्ताक्षरांत. एकूण बेरीज त्याला दिसत नाही. मला दिला गेला तिसरा प्रश्न. विषय शिकवणाऱ्यांची नावं कुणीतरी यादीत टाकली होती, इतकंच. पण तेव्हा मला वाटलं, कुणीतरी जाणूनबुजून केलंय.

सोबतच्या आदर्श उत्तरात मार्कांची फोड होती. सी-आर तपासलं त्याला दोन, तिरक्या वाटेने जाऊन 'नाही' सिद्ध केलं त्याला तीन. मी सुरुवात केली. बऱ्याच मुलांनी चुका केल्या होत्या, काहींनी छान सोडवलं होतं. आणि मधूनच एक पान यायचं: दोन ओळी, सी-आर सॅटिस्फाइड, देअरफोर ॲनालिटिक, आणि भोवती दुहेरी चौकट. झाकलेल्या नावाचा काय उपयोग? ती माझी मुलं होती. दोन मार्क. पुढचं पान. पुन्हा चौकट, पुन्हा दोन. माझंच वाक्य मीच कापत होते, आणि शेजारच्या खुर्चीवर आमच्याच विभागातले चित्रे सर शांतपणे चिवडा खात होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पान आलं. z च्या पोटातून आडवी रेघ. वर्गात इतक्यांदा पाहिलेलं ते अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. सायलीने सी-आर तपासलं होतं. त्याखाली पाच ओळी होत्या. y बरोबर x धरून, तिरक्या वाटेने येऊन, लिमिट काढलं होतं. उत्तर वेगळं आलं होतं. पाचव्या ओळीत तिने 'नॉट' एवढाच शब्द लिहिला होता आणि तिथे पेन थांबलं होतं. मग त्या पाचही ओळींवर पट्टी धरून सरळ काट मारलेली. खाली, चौकटीत: ॲनालिटिक.

तिने बरोबर सोडवलं होतं. आणि मग माझं ऐकलं होतं.

मी चित्रेंना हाक मारली. ते खुर्ची सरकवून आले, पडद्यावर वाकले आणि खोडलेल्या ओळी एकेक करून वाचत गेले.

"खोडलेलं तपासायचं नसतं," शेवटी ते म्हणाले.

"माहितीये मला. पण बरोबर आहे रे सगळं."

"तू ओळखलंयस हे अक्षर?"

मी पडद्यावरच्या z वर बोट ठेवलं.

"मग परत पाठव ना हे पान. दुसरा कुणीतरी तपासेल."

"तो काय देईल?"

"दोन," चित्रे म्हणाले. "खाली धडधडीत ॲनालिटिक लिहिलंय, अजून काय देणार? पण ते दोन तू तरी नाही दिलेस, असं होईल."

नियमाने पान परत पाठवायला हवं होतं, आणि तसं बटणही होतं. पण मला वाटलं, जिने काट मारायला लावली तिनेच निदान दोन द्यावेत. तेवढंही दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळं होऊ नये. पाच द्यावेत असंही वाटलं. पाचावर बोट नेलंसुद्धा. मग मनात आलं, बाकीच्या चौकटीवाल्यांचं काय? त्यांनीही माझंच ऐकलं होतं, फक्त त्यांना शंका आली नव्हती. मी दोन दिले. बरोबर केलं की चूक, हे मला आजही सांगता येत नाही.

निकालापर्यंतचे आठवडे मी कसे काढले ते माझ्या नवऱ्याला विचारा. मुलुंडच्या बाजारात भाजी घेताना मी पिशवी तिथेच विसरून यायचे. तिला बाकीच्या प्रश्नांत किती मिळाले असतील याची आकडेमोड सतत डोक्यात चालायची. पास होईल, तीन मार्कांनी काय होतंय, असं स्वतःला समजवायचे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा जीव टांगणीला. देवाला काही मागायची माझी सवय नाही. तेव्हा मागितलं.

सायली दोन मार्कांनी राहिली. ग्रेस धरूनही दोन.

मी प्राचार्यांची सही घेऊन कंपनीला पत्र लिहिलं, तारीख पुढे ढकलता येईल का म्हणून. नम्र शब्दांत नकार आला. नंतर जादा तासांची यादी पुन्हा लागली, तिच्यात सायलीचं नाव होतं, पण ती आली नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. तिसऱ्या आठवड्यात एका शनिवारी दुपारी ती वडिलांना घेऊन माझ्या केबिनच्या दारात उभी राहिली. हातात उत्तरपत्रिकेची झेरॉक्स. अर्ज करून मिळते ती.

परब कामावरच्या खाकी कपड्यांतच आले होते. खुर्चीच्या टोकावर बसले. सायलीने झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि खोडलेल्या ओळींवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे बरोबर होतं का?"

"बरोबर होतं."

"सगळं?"

"सगळं. तू पाचव्या ओळीत थांबलीस, तिथे 'नॉट डिफरन्शिएबल' लिहिलं असतंस तर पाच मार्क होते."

ती पानाकडे बघत राहिली. "मी लिहीत होते. मग वाटलं, मॅडमनी तर सांगितलंय सी-आर पुरे म्हणून. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार."

"तुझं चुकलं नव्हतं. मी अर्धवट शिकवलं होतं. तू वर्गात विचारलंस तेव्हा मला उत्तर माहीत होतं, आणि मी तो प्रश्न हसण्यावारी नेला." एवढं बोलून थांबले असते तरी चाललं असतं. पण तोंड उघडलंच होतं. "आणि हे दोन मार्क मीच दिलेत. पान माझ्यासमोर आलं होतं. अक्षर ओळखलं होतं मी."

असं सांगणं नियमात बसत नाही. कुठे तक्रार गेली असती तर निवृत्तीला थोडे महिने राहिलेले असताना चौकशी लागली असती. त्या क्षणी त्याची भीती वाटली नाही. ती नंतर, घरी गेल्यावर वाटली. सायलीने झेरॉक्स स्वतःकडे ओढून घेतली.

बोलले ते परब. "मॅडम, माका गणितातला काय कळणा नाय. पण येक सांगतंय. लिफ्ट वरसून येताना लादीक बरोबर लागता, तीच खालसून येताना कधी कधी दोन इंच वर रवता. आमच्यातलो येक जण नुसती वरसून येताना बघून वहीत सही करून मोकळो झालो. म्हातारी बाई पडली, पाय मोडलो तिचो. तसाच काय ह्या?"

"तसंच," मी म्हणाले. "अगदी तसंच."

"मगे सही करणाऱ्याची चूक," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, टेबलावर हात आपटला नाही. जे आहे ते सांगितलं. सत्तावीस वर्षांत माझ्या शिकवण्यावर झालेली ही सर्वांत नेमकी टीका, आणि ती माझ्या तोंडावर झाली हे बरं झालं.

मी "सॉरी" म्हणाले. तो शब्द किती किरकोळ असतो हे म्हणताना कळतं.

सायली उठली. मला वाटलं निघाली. तिने पिशवीतून वही काढली, खुर्ची टेबलाशी ओढली आणि कोरं पान उघडलं.

"मग आता नीट शिकवा."

परब म्हणाले, "मी भायर बसतंय." आणि दार ओढून घेऊन गेले.

मी सी-आरला हात लावला नाही. मूळ व्याख्येपासून सुरुवात केली. आडवी वाट, उभी वाट, तिरकी वाट. सलग असण्याची अट कुठून येते, ती नसली तर काय बिघडतं, असली तर बाकीच्या अगणित वाटा का तपासाव्या लागत नाहीत. मध्ये दोनदा मी स्वतःच अडले आणि पुस्तक उघडावं लागलं. तिने एकही पायरी सोडू दिली नाही. शेवटी तिने पेन बंद केलं तेव्हा मी घड्याळ बघितलं. पावणेदोन तास झाले होते.

एवढ्याच वेळाचं काम होतं. तेवढा वेळ मी वाचवला, आणि सायलीची नोकरी गेली.